कुणाचा रे तू?

उत्तरेतल्या आमच्या लश्कर गावात मराठी घरांतून पोराचं नाव नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "कुणाचा रे तू?" पोरानं नुसतं आपलं नाव सांगितलं तर म्हातारी माणसं कानात बोळे घातल्यासारखी बघत राहायची. "निकमांचा" म्हटलं की चेहरे उजळायचे. मग कुठले निकम, नई सडकेवरचे की आणखी कुठले, आजोबा कशात होते, आत्या झाशीला दिली ती हीच ना, तिच्या सासूच्या मोतीबिंदूचं काय झालं, अशी ती उलटतपासणी चहा गार होईपर्यंत चालायची. मला लहानपणी या प्रकाराचा मनस्वी कंटाळा यायचा. आता कळतं की त्यात भीती होती. दक्षिणेतून कधीकाळी कुणी तलवार घेऊन आलं, कुणी पोथी घेऊन आलं. तलवारी गंजल्या, पोथ्या फडक्यात गेल्या, आणि दोघांचीही नातवंडं बँकेत नि रेल्वेत चिकटली. सगळ्या गावाची बोली हिंदी, आम्हीही मराठी बोलता बोलता कधी हिंदीत घसरायचो ते कळायचं नाही. अशात आपलं माणूस हातून सुटू नये म्हणून ही चौकशी. ज्याचं घर ठाऊक आहे तो चांगलाच असणार, एवढा साधा हिशेब होता.

या विद्येत माझ्या बाबांचा हात कुणी धरला नसता. पाटणकर बाजारात वरच्या मजल्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्याच पाठीमागे आमचं घर. गावातल्या यच्चयावत मराठी मुंजी, लग्नं, बारशी आणि गणपतीतली नाटकं बाबांनी टिपलेली. एखाद्या पोराचं नुसतं नाक पाहून ते सांगायचे, हे अमक्यांकडचं, याच्या आजीचंही असंच होतं, फोटोत फार त्रास द्यायचं. डार्करूम म्हणजे आमची जुनी धान्याची खोली, स्वयंपाकघराला लागून. त्यामुळे आमच्या घराला एक वास होता तो मला पुढे कुठेच भेटला नाही: फोटो धुवायच्या हायपोचं आंबूस पाणी आणि आईची हिंग-मोहरीची फोडणी. धुतलेले फोटो गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत असायचे, आणि खाली चटईवर आईच्या कुरडया. आई म्हणायची, माझ्या कुरडयांना सतत कुणाचं तरी लग्न बघावं लागतं. बाबा हसायचे. बाबांना पटकन हसू यायचं, आणि माणसांवर विश्वासही तितकाच पटकन बसायचा. आई तशी नव्हती. बाबा पाहुण्यांपुढे बोलत सुटले आणि तिला ते नकोसं झालं, की ती आतून झारा कढईवर एकदाच आपटायची. त्याचा अर्थ 'पुरे'. बाबांना तो ऐकू आला की ते वाक्य अर्ध्यात गिळायचे.

विजू समोरच्या घरातला, निकमांचा. माझ्याहून दोन वर्गांनी पुढे. सकाळी अंधार असतानाच तो किल्ल्याची चढण पळत चढून यायचा आणि घामाघूम होऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात बसायचा, कारण त्याच्या आईची पूजा व्हायच्या आत त्यांच्याकडे चूल पेटत नसे. आई त्याला फोडणीची पोळी द्यायची, वर दही. "काकू, भूख इतकी लागली आहे ना, की तवा भी खाऊन टाकीन," असं तो म्हणायचा, आणि आई त्याला "आधी मराठी नीट खा, मग तवा" असं सुनावून आणखी एक वाढायची. त्याचे आजोबा संस्थानच्या घोडदळात रिसालदार होते. वडिलांची नजर अधू निघाली, त्यांना फौजेनं घेतलं नाही, आणि ते उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे बसून राहिले. त्यामुळे त्या घरात सगळे विजूकडे डोळे लावून होते. तो अधिकारी-भरतीच्या निवडीतून पास होऊन आला तेव्हा त्याच्या वडिलांनी गल्लीत घरोघर स्वतः पेढे वाटले आणि आमच्याकडे येऊन रडले. मला तेव्हा मोठ्या माणसाचं रडणं बघायची सवय नव्हती. मी उगाच पाणी आणायला आत गेले.

आता फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. एक पदवी आणि दुसरा पोलीस ठाण्यातून चारित्र्याचा निर्वाळा. निर्वाळ्याची कुणालाच काळजी नव्हती. घोडं अडलं ते पदवीपाशी. त्या वर्षी आमचा निकाल रखडला तो रखडलाच. परीक्षा होऊन हिवाळा आला तरी कुणी काही सांगेना. आज उत्तरपत्रिका हरवल्यात, उद्या बाई रजेवर आहेत, परवा साहेब भोपाळला गेलेत. ज्यांच्या नोकऱ्या निकालावर अडल्या होत्या ती मुलं कॉलेजच्या फाटकासमोर बसू लागली आणि मग आम्हीही बसू लागलो. विजूला हजर व्हायची तारीख कळली होती, तेव्हा तो पहिल्या दिवसापासून बसला. घोषणा दिल्या, फाटकाला कुलूप लावलं, पण एक दगड कुणी उचलला नाही. ऊन छान असायचं. कुणीतरी गजक आणायचं, ती वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून फिरायची, आणि तीळ दातांत अडकलेल्या तोंडांनी आम्ही 'रिजल्ट दो' असं ओरडायचो. बाबांनी मला अडवलं नाही. बस, पण शाल घेऊन जा, एवढंच म्हणाले.

आणि मग एका दुपारी ठाण्याचे टी.आय. साहेब आमचा जिना चढून वर आले. आमच्याकडे ठाणेदाराला टी.आय. म्हणतात. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्याच्या मुलीचे स्थळांना दाखवायचे फोटो बाबांनीच काढले होते आणि ती सुंदर दिसावी म्हणून बाबांनी तिला तीनदा शालू बदलायला लावला होता. साहेब म्हणाले, वरून हुकूम आहे, फाटकावर कोण कोण बसतं त्याचे फोटो हवेत, आणि आमच्याकडे धड कॅमेरा नाही, पंडितजी, तुम्हीच या. अशा बोलावण्याला बाजारातला कुठला स्टुडिओवाला नाही म्हणत होता? मिरवणुकीला, दंग्याला, पुढाऱ्याच्या सभेला हेच बोलावणं यायचं आणि जो तो जायचा. साहेब जिना उतरले तशी आई बाहेर आली. एरवी ती धंद्यातलं कधी बोलत नसे.

"लग्नातले काढा, मुंजीतले काढा," ती म्हणाली. "पोरांचे पोलिसांसाठी नका काढू."

बाबा म्हणाले, मी का वेडा आहे? लांबून काढीन, नुसत्या पाठी घेईन, गर्दी दिसेल नि चेहरा एकही दिसणार नाही. आणि खरोखरच ते तसं ठरवूनच आले होते. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीच्या ओट्यावर, आमच्या पाठीमागे, साहेबांच्या शेजारी ते उभे राहिले. दोन-चार फोटो तसे पाठीपाठीचे काढलेही. तेवढ्यात आमच्यातल्या कुणीतरी मागं वळून पाहिलं.

यानंतर जे झालं ते आठवलं की आजही मला थोडं हसू येतं, आणि त्या हसण्याची लाज वाटते. "अरे, काका आलेत!" असा गलका झाला आणि सगळी गर्दी बाबांकडे तोंड करून वळली. या माणसानं आम्हाला मुंजीत, स्नेहसंमेलनात, शाळेच्या निरोप समारंभात इतक्यांदा उभं केलं होतं की त्याच्या हातात कॅमेरा दिसला की आमचे पाय आपोआप जागा शोधायचे. उंच पोरं मागे गेली. बुटकी पुढे उकिडवी बसली. मुली एका बाजूला झाल्या, मी दुपट्टा सारखा केला. ज्यांच्या हातात फलक होते त्यांनी ते सरळ धरले, म्हणजे अक्षरं नीट येतील. मधोमध विजू, हात कमरेवर, छाती काढून. "काका, एक हमारा भी हो जाए," तो ओरडला. बाबांचाही हात सवयीचा गुलाम. त्यांनी नेहमीसारखी हनुवट्या खाली घ्यायची खूण केली, "हं" म्हणाले, आणि खटका दाबला. पोलिसांनी इतका स्वच्छ फोटो त्यापूर्वी कधी पाहिला नसेल.

माझ्या भाचीची मुलगी हल्ली कॉलेजात आहे. तिला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. "आजी, तुम लोग खुद पोज देत होता?" म्हणाली. त्यांच्याकडे आता मोर्चाला जायचं तर तोंडाला रुमाल आधी, फलक नंतर. वरून घोंगावत यंत्र येतं, शिपाई मोबाइल धरून रांगेपुढून सावकाश चालत जातो, आणि खांबावरचा कॅमेरा तर कुणाला विचारायला खालीही येत नाही. तो एक बरा, मी तिला म्हटलं, त्याला निदान कुणाची आजी ठाऊक नसते. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

बाबांनी तो रोल खराब झाला म्हणून सांगितलं असतं तर? डार्करूमचं दार वितभर उघडं ठेवलं असतं तरी काम झालं असतं. आई त्यांना तसं म्हणालीही. पण बाबांचं डोकं वेगळ्याच दिशेला चाललं होतं. साहेब टपरीपाशी म्हणाले होते म्हणे, की वरच्यांना वाटतंय हे सगळे गुंड आहेत. बाबांना ते लागलं. ते म्हणाले, हाच फोटो द्यायला हवा, पोरं कशी हसताहेत बघ, कोण म्हणेल यांना गुंड? म्हणून त्यांनी तो फोटो जीव ओतून छापला. दुपारच्या उन्हानं चेहऱ्यांवर सावल्या आल्या होत्या. कागदावर प्रकाश सोडताना काडीला लावलेली पुठ्ठ्याची टिकली एकेका चेहऱ्यावर हलवत धरली की तेवढी सावली उजळते. बाबांनी प्रत्येक चेहरा तसा उजळून घेतला. सगळी पोरं सभ्य दिसली पाहिजेत, असं ते आतून म्हणत होते, आणि मी दाराबाहेर बसून ते ऐकत होते.

साहेब फोटो न्यायला आले तेव्हा आईनं पोहे केले होते. ते तिला करावेच लागले. साहेबांनी पोह्यांवर शेव घेतली, फोटो हातात धरला, आणि अगदी सहज विचारलं, "अच्छे घरों के लगते हैं. किनके बच्चे हैं, पंडितजी?"

आमच्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे गवयाला तंबोरा देणं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. पहिलं बोट माझ्यावर ठेवलं: ही आमचीच. मग एकेक. हा वैद्यांचा धाकटा, याचे आजोबा राजवाड्यावर पुराण सांगायचे. ही मुलगी हेडमास्तरांची, घराणं अतिशय सोज्वळ. हा अमक्यांचा जावई व्हायचाय. आतून झारा आपटला. बाबांना ऐकू आला नाही. आईनं तो दुसऱ्यांदा आपटला, असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं, पण बाबांचं बोट तोवर मधल्या चेहऱ्यावर आलं होतं. हा निकमांचा विजय. याच्याबद्दल तर बाबा किती बोलले! आजोबा रिसालदार, वडील बँकेत, घर आमच्या समोरच, पोरगा फौजेत अधिकारी होणार, सगळं ठरलंय, सगळी पोरं याचंच ऐकतात. साहेब मान हलवत "अच्छा, अच्छा" म्हणत होते. बाबांना वाटत होतं आपण पोरांभोवती भिंत बांधतोय. मी पोह्यांची ताटली हातात धरून दारात उभी होते आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मला बाबांचा अभिमान वाटला.

मग शिपाई घरोघर गेले. कुठेही चुकले नाहीत. बहुतेकांच्या वडिलांना ठाण्यावर बोलावून समज दिली, चहा पाजून परत पाठवलं. फाटकासमोरची गर्दी तीन-चार दिवसांत विरली. गंमत अशी, की निकाल त्यानंतर लवकरच लागला. विजू पहिल्या वर्गात पास झाला. आईनं त्याच्यासाठी श्रीखंड केलं, भर थंडीत, त्याला आवडतं म्हणून. आता फक्त निर्वाळा यायचा होता.

तो आला नाही. तारीख गेली. विजूच्या वडिलांनी दोनदा ठाण्यात चकरा मारल्या, त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. शेवटी विजू स्वतः गेला. साहेबांनी त्याला बसवलं, खणातला फोटो काढून दाखवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की बेटा, यात मधोमध तूच आहेस, सगळी पोरं तुझं ऐकतात म्हणे, आता मी काय लिहिणार? तसा शेरा मारलेला कागद वर गेलाही होता. विजू म्हणाला, माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं? त्यावर साहेबांनी खरं ते सांगितलं. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नसावं.

विजू तिथून सरळ आमच्याकडे आला. संध्याकाळ होती, आई भाकऱ्या करत होती. नेहमीसारखा स्वयंपाकघरात न येता तो बाहेर स्टुडिओतच उभा राहिला, रंगवलेल्या पडद्यासमोर. बाबा स्टुलावर बसून मुंजीतल्या फोटोंना कात्री लावत होते.

"काका, तुम्ही सांगितलं?"

बाबांनी कात्री खाली ठेवली. त्यांना क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. 

"मी चांगलंच सांगितलं रे," बाबा म्हणाले. "सगळं चांगलंच सांगितलं."

"हो," विजू म्हणाला. "सगळं बरोबर सांगितलंत."

तो ओरडला असता, काही फोडलं असतं, तर बरं झालं असतं. तो नुसता वळला आणि जिना उतरून गेला. आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली. त्यानंतर विजू आमचा जिना चढला नाही. रस्त्यात भेटला की "काकू, बरं आहे ना?" असं विचारायचा, माझ्याकडे बघून मान हलवायचा, आणि पुढे जायचा. माझं त्याच्यावर मन होतं का, असं मला पुढे एका मैत्रिणीनं विचारलं होतं. होतं. चांगलंच होतं. त्याच्या पावलांचा जिन्यावरचा आवाज मला अजून ओळखता येईल.

बाबा साहेबांकडे गेले, एकदा नव्हे, अनेकदा. रिसालदारांचा गणवेशातला जुना फोटो नवा करून, चौकटीत घालून घेऊन गेले. ठाण्याच्या बाकावर तो मांडीवर धरून बसायचे. साहेब भेटले की म्हणायचे, पंडितजी, माझ्या हातात असतं तर. पुढे साहेबांची बदली झाली, विजूचं वय निघून गेलं, आणि त्यानं पडाव भागातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकांच्या बुकिंगचं काम धरलं. तिथेच त्याचे केस पांढरे झाले. लग्न झालं, दोन मुली झाल्या, चांगलं घर चालवलं. बाबांनी धंदा सोडला नाही, सोडून खाणार काय? पण पुढं कधीही, कुठल्याही लग्नात, कुठल्याही गणपतीत, त्यांनी एकाही पोराला "कुणाचा रे तू" असं विचारलं नाही. नवीन माणूस आला की ते हनुवटी खाली घ्यायला सांगायचे, "हं" म्हणायचे, आणि चिठ्ठीवर फोटोंची संख्या लिहायचे. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला शिष्टपणा आलाय.

आई आधी गेली. बाबा पुष्कळ जगले. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना दवाखान्यात घेऊन बसले होते, तेव्हा एके सकाळी दारात विजू दिसला. पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर, हातात गजकेचं पुडकं. कुणाकडून कळलं होतं त्याला. मी उठून जागा दिली. तो बाबांच्या खाटेवर बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मनगटावर दुसराही हात ठेवला.

तेवढ्यात तपासणीला डॉक्टर आला. कोवळा पोरगा होता, हातात कागद लावलेली पाटी नि पेन. रोज तो बाबांना प्रश्न विचारून त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना ते पाहायचा. त्याही दिवशी विचारले. नाव सांगितलं. दुकान कुठे होतं, तेही सांगितलं. माझ्याकडे बोट केल्यावर "ही कुंदा" म्हणाले. मग त्यानं विजूकडे पेन केलं.

"और ये? ये कौन हैं, बाबूजी? किनके लड़के हैं?"

बाबांनी विजूकडे पाहिलं. मग त्या पेनाकडे. 

"नहीं साहब," ते म्हणाले. "हम नहीं जानते."

डॉक्टर म्हणाला, नीट बघा, आठवून बघा. बाबांनी मान हलवली. "हम इनको नहीं जानते. किसी को नहीं जानते." त्यांचे दोन्ही हात विजूच्या मनगटावर इतके घट्ट होते की बोटं पांढरी पडली होती. डॉक्टरनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, म्हणजे आता असंच चालायचं, आणि काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे गेला. विजूनं बाबांच्या हातांवर कपाळ टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. बाबांनी जरा मान वर करून डॉक्टर गेला त्या बाजूला पाहिलं, आणि मराठीत, अगदी दबक्या आवाजात, त्याला विचारलं,

"गेले का रे साहेब, विजू?"

"गेले, काका," विजू म्हणाला.